सलवा जुडूम संपले, बंदूक त्याच खांद्यांवर

नवी दिल्ली : छत्तीसगढच्या बिजापूर जिल्ह्यात कुटरू ठाण्याच्या हद्दीत ६ जानेवारी २०२५ रोजी माओवाद्यांनी रस्त्याखाली पेरलेल्या सुरुंगाचा स्फोट झाला. सुरक्षा दलांचे ८ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक त्यात मृत्युमुखी पडले. जवानांपैकी ४ डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्डचे (डीआरजी) आणि ४ ‘बस्तर फायटर्स’चे होते. या आठांपैकी ५ जण पूर्वी स्वतःच माओवादी होते आणि शरणागतीनंतर पोलिसांत दाखल झाले होते, असे बस्तरच्या पोलीस महानिरीक्षकांनी नंतर सांगितले. स्फोटाच्या बातम्यांत हा तपशील बहुधा शेवटच्या परिच्छेदात आला. कुटरूचा इतिहास तर आलाच नाही. २००५ च्या जूनमध्ये ‘सलवा जुडूम’ सुरू झाले ते याच परिसरातून.

त्या मोहिमेचे नाव काही महिन्यांनी पुन्हा राष्ट्रीय राजकारणात गाजले. उपराष्ट्रपतिपदासाठी विरोधी पक्षांनी सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांना उमेदवारी दिली. सलवा जुडूमच्या विरोधात रेड्डी यांनी निकाल दिला नसता तर नक्षलवाद २०२० पर्यंतच संपला असता, असे केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी २२ ऑगस्ट २०२५ रोजी कोची येथे म्हटले. निकाल आपला वैयक्तिक नसून सर्वोच्च न्यायालयाचा आहे आणि गृहमंत्र्यांनी तो पूर्ण वाचायला हवा होता, असे उत्तर रेड्डी यांनी दिले. माजी न्यायमूर्तींच्या दोन गटांनी परस्परविरोधी निवेदने काढली. ९ सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन निवडून आले आणि वाद मागे पडला. निकालात नेमके काय आहे, याची चर्चा मात्र त्या पंधरवड्यातही फारशी झाली नाही.

सलवा जुडूम या गोंडी शब्दांचा अर्थ सरकारी कागदपत्रांत ‘शांती मोहीम’ असा दिला जाई. विरोधक त्याचा अर्थ ‘शुद्धीकरणाची सामूहिक शिकार’ असा लावत. मोहिमेचे नेते महेंद्र कर्मा हे काँग्रेसचे आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते, तर तिला बळ देणारे राज्य सरकार रमणसिंह यांच्या नेतृत्वाखालील भाजपचे होते. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे हे दोन पक्ष या एका प्रश्नावर एकत्र होते. माओवाद्यांच्या दंडेलीबद्दल, गावातील प्रमुखांच्या हत्यांबद्दल आणि तेंदूपानाच्या व्यवहारातील हस्तक्षेपाबद्दल गावांत खरी चीड होती, हे नाकारता येत नाही. परंतु त्या चिडीचे रूपांतर सशस्त्र दलात झाले ते राज्याच्या पाठबळाने. एकेका गावावर जमाव नेला जाई. त्यासोबत पोलीस असत. गाव सोडून रस्त्याकडेच्या छावणीत येण्यास नकार देणारा माओवाद्यांचा समर्थक ठरे. याचिकाकर्त्यांच्या म्हणण्यानुसार ६०० हून अधिक गावे या काळात रिकामी झाली. सुमारे ५० हजार लोक छावण्यांत आले आणि हजारो जंगलवाटांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम भागात गेले.

छावण्यांतील तरुणांना ‘विशेष पोलीस अधिकारी’, म्हणजे एसपीओ, अशी नेमणूक मिळाली. पद नावालाच अधिकाऱ्याचे होते. दरमहा मानधन सुरुवातीला १,५०० रुपये आणि २०११ पर्यंत ३,००० रुपये होते. पाचवी उत्तीर्ण उमेदवारास प्राधान्य मिळे आणि प्रशिक्षण दोन महिन्यांचे असे. मंजूर संख्या ६,५०० पर्यंत गेली आणि मानधनाचा खर्च केंद्राकडून मिळू लागला. हे तरुण वाटाडे आणि खबरे म्हणून काम करतात, असे राज्याने न्यायालयात सांगितले. प्रत्यक्षात ते बंदूक घेऊन तुकडीच्या पुढे चालत. १५ मार्च २००७ रोजी राणी बोदली येथील पोलीस तळावर माओवाद्यांनी हल्ला केला. त्यात मरण पावलेल्या ५५ जणांपैकी ३९ एसपीओ होते.

नंदिनी सुंदर, रामचंद्र गुहा आणि ई. ए. एस. शर्मा यांच्या २००७ च्या याचिकेवर ५ जुलै २०११ रोजी निकाल आला. सुदर्शन रेड्डी यांच्यासोबत खंडपीठात न्यायमूर्ती एस. एस. निज्जर होते. निकालाच्या आरंभी जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या कादंबरीचा संदर्भ आहे, आणि टीकाकारांना तो आजही खटकतो. साहित्यिक संदर्भ बाजूला ठेवला तरी मूळ युक्तिवाद साधा आहे. आदिवासींनी पोलिसांत येऊ नये, असे न्यायालयाने कुठेही म्हटले नाही. त्याचा आक्षेप वेगळा होता. नियमित जवानाइतकाच, किंबहुना अधिक, धोका ज्यांच्या अंगावर टाकला जातो त्यांना नियमित जवानाचे शिक्षण, प्रशिक्षण, वेतन आणि सेवेची शाश्वती नाकारली जात होती. एसपीओंमधील मृत्यूचे प्रमाण नियमित दलांपेक्षा जास्त असल्याचे न्यायालयाने राज्याच्याच आकडेवारीवरून दाखवले. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ व २१ चा भंग होत असल्याचा निष्कर्ष काढला आणि माओवादविरोधी कारवायांतून एसपीओंना दूर करून त्यांची शस्त्रे परत घेण्याचा आदेश दिला. त्यांच्या जिवाला धोका असल्याने त्यांना संरक्षण द्यावे, असेही सांगितले.

राज्याने त्याच महिन्यात वटहुकूम काढला. पुढे त्याचा ‘छत्तीसगढ सहायक सशस्त्र पोलीस दल अधिनियम, २०११’ झाला. वय अथवा शिक्षणाच्या अटीत न बसणाऱ्या विद्यमान एसपीओंनाही त्याने नव्या दलाची दारे उघडली. प्रशिक्षणाचा कालावधी वाढला, वेतन सुधारले. सहायक दलाच्या जवानास मोहिमेत आघाडीवर नेमता येणार नाही, अशीही तरतूद होती. पुढील वर्षांत त्यांच्यापैकी अनेकजण शिपाई झाले आणि डीआरजीत गेले. कांकेर आणि नारायणपूरमध्ये २००८ साली उभे राहिलेले हे दल २०१५ पर्यंत दंतेवाड्यापर्यंत पोहोचले होते. स्थानिक तरुण आणि शरण आलेले माओवादी यांच्या जोरावर चालणारे हे दल आज बस्तरमधील प्रत्येक मोठ्या मोहिमेत सर्वांत पुढे असते. २१ मे २०२५ रोजी अबूझमाडमध्ये माओवादी पक्षाचा सरचिटणीस नंबाला केशव राव ऊर्फ बसवराजू याच्यासह २७ जणांना ठार करणारी कारवाई डीआरजीचीच होती.

गृहमंत्र्यांचा युक्तिवाद इथे अडखळतो. निकालामुळे राज्याचे हात बांधले गेले असे म्हणावे, तर माओवाद्यांना सर्वांत मोठा तडाखा दिला तो गणवेश, हुद्दा आणि वेतन असलेल्या पोलिसांनी. सलवा जुडूमच्या जमावाने नव्हे. उलट त्या मोहिमेच्या ऐन भरात बस्तरमधील हिंसाचार वाढत गेला आणि गाव सोडलेल्या कुटुंबांतील काही तरुण माओवाद्यांनाच जाऊन मिळाले. मात्र निकालाच्या समर्थकांनीही समाधान मानावे अशी स्थिती नाही. कालच्या शेजाऱ्याविरुद्ध बंदूक घेऊन वाटाड्या म्हणून पुढे चालणारा तरुण आजही बस्तरचा आदिवासीच आहे. त्याची सेवापुस्तिका तयार झाली, तुकडीतील त्याची जागा बदलली नाही.

दरम्यान, १५ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि सतीशचंद्र शर्मा यांच्या खंडपीठाने याचिका निकाली काढली. विधिमंडळाने कायदा केला म्हणून न्यायालयाचा अवमान होत नाही आणि कायद्याच्या वैधतेला वेगळे आव्हान देता येते, असे खंडपीठाने म्हटले. घटनात्मकदृष्ट्या हे मत बिनचूक आहे. पण २०११ च्या आदेशाचे पालन खरोखर झाले का, या प्रश्नाचे तपशीलवार उत्तर त्यामुळे नोंदले गेले नाही.

सीमेपलीकडे गडचिरोलीत वेगळी वाट घेतली गेली. महाराष्ट्र पोलिसांचे सी-६० पथक १९९० मध्ये स्थापन झाले. त्यातही जिल्ह्यातील स्थानिक, बहुतांशी आदिवासी तरुण आहेत, पण ते प्रथमपासून नियमित भरतीचे पोलीस आहेत. गावकऱ्यांची फौज उभारण्याचा मार्ग महाराष्ट्राने पत्करला नाही. सी-६० च्या चकमकींवर आक्षेप घेतले गेलेच. मात्र आक्षेप घ्यायला नाव, हुद्दा आणि वरिष्ठ असलेला पोलीस समोर असतो. एसपीओबाबत तेही नसे. २०११ च्या मार्चमध्ये ताडमेटला, मोरपल्ली आणि तिम्मापूर येथे घरे जाळली गेली. त्याचा तपास सीबीआयकडे द्यावा लागला आणि आरोपपत्र दाखल व्हायला २०१६ उजाडले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शरण आला. दोनच दिवसांनी जगदलपूरमध्ये २१० जणांनी शस्त्रे ठेवली. नक्षलवाद संपवण्यासाठी केंद्राने ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती, आणि लष्करी अर्थाने ती अवास्तव नव्हती, हे त्या शरणागतींनी दाखवले.

युद्ध ओसरल्यावर हातात बंदूक दिलेल्यांचे काय, हा प्रश्न २०११ च्या निकालातही आहे. हे तरुण भीतीपोटी शस्त्रे परत देण्यास नकार देतील आणि सशस्त्र टोळ्या निर्माण होतील, अशी शंका न्यायालयाने बोलून दाखवली होती. काश्मीरमधील इख्वान आणि आसाममधील ‘सुल्फा’ या शरण आलेल्या अतिरेक्यांच्या गटांनी पुढे काय केले, याचा अनुभव देशाला होता. बस्तरमध्ये नियमित नोकरीमुळे तो धोका बराच कमी झाला आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु डीआरजीचा जवान सुटीत गावी जाऊ शकत नाही. अनेकांची कुटुंबे पोलीस वसाहतींत किंवा जुन्या छावण्यांच्या जागी राहतात. दोरनापाल येथील छावणी मोहिमेच्या काळात सर्वांत मोठ्या छावण्यांपैकी एक होती. गावी परत न गेलेली कुटुंबे तेथेच स्थायिक झाली आहेत.

खम्मम, भद्राद्री आणि गोदावरीकाठच्या जंगलांत गेलेल्यांची अवस्था त्याहून कठीण आहे. तेलंगणात त्यांना ‘गुत्ती कोया’ म्हणतात. तेथे अनुसूचित जमातीचे प्रमाणपत्र मिळवणे त्यांना अवघड जाते, वनहक्काचे दावे टिकत नाहीत आणि वन विभागाशी खटके उडत राहतात. शरण येणाऱ्या माओवाद्यासाठी छत्तीसगढ सरकारचे पुनर्वसन धोरण आहे. त्यात रोख रक्कम, कौशल्य प्रशिक्षण आणि जमिनीची तरतूद आहे. कोणत्याही बाजूने बंदूक न उचलता २००५ साली गाव सोडलेल्या माणसासाठी मात्र असे कोणतेही धोरण नाही.