सोडलेला चेंडू

मोठा फलंदाज कोण, असे विचारले की हल्लीची मुले षटकार मोजू लागतात. आमच्या पिढीला मात्र सुनील गावसकर मोठा वाटला तो त्याने सोडून दिलेल्या चेंडूंमुळे.

१९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत त्याने चार कसोटींत ७७४ धावा केल्या. शेवटच्या कसोटीत तर दाढदुखी सोसत १२४ आणि २२०! आम्ही तेव्हा रत्नागिरीत शाळकरी पोरे. पुढे त्याच वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर हा बुटकासा मराठी गडी हेल्मेटशिवाय उभा राहिला, आणि घराघरांत मान ताठ झाली.

त्याचे सगळेच गोड मानून घेतले असे नाही. १९७५च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध साठ षटके खेळून नाबाद ३६. लोक चिडले, ते योग्यच होते. पण १९८७ साली बंगलोरला, चेंडू हातभर वळत असताना, पाकिस्तानविरुद्ध कारकिर्दीतल्या शेवटच्या कसोटी डावात त्याने ९६ धावा काढल्या. भारत १६ धावांनी हरला. तरी कित्येक विजय विसरलेली माणसे ती खेळी अजून सांगतात.

असे का व्हावे? बँकेच्या काउंटरवर आयुष्य गेल्याने मला याचे उत्तर सोपे वाटते. दरमहा रिकरिंगचा हप्ता भरणाऱ्या घराला त्याच्या खेळात आपलीच रीत दिसे. मोह टाळायचा, पाया राखायचा. १०,१२२ धावा अशाच साठल्या.

मुलांनी षटकार जरूर मारावेत. पण ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडायलाही त्यांना घरातच कुणी शिकवायला हवे. आयुष्यात तसलेच चेंडू जास्त येतात.