जुना चित्रपट धूसर नसतो, धूसर असते ती तबकडी

घरात जुना कृष्णधवल मराठी चित्रपट लागला की तरुण मुले दहा मिनिटांत उठून जातात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोष अर्थातच त्यांच्या अभिरुचीला दिला जातो. मात्र ती मुले पडद्यावर नेमके काय पाहतात, हे फारसे कोणी विचारत नाही. चेहऱ्यावरचे भाव पुसून टाकणारा करडा धुरळा, पांढऱ्या धोतरांचे झालेले झगमगीत डाग, कोपऱ्यात कायमचे चिकटलेले कंपनीचे बोधचिन्ह आणि मध्येच तुटणारा आवाज, असे बरेचदा त्या दर्शनाचे स्वरूप असते. त्याला आपण ‘जुन्या काळचे चित्रण’ म्हणतो. वस्तुतः तो त्या काळाचा दोष नव्हेच. त्याचा उगम व्हीसीडी आणि डीव्हीडीच्या निर्मितीत आहे.

मीरा-भाईंदरसारख्या शहराच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. १९९१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. ती २००१ मध्ये पाच लाखांच्या आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. मुंबईतील चाळी सोडून उत्तरेकडे सरकलेली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली, ती नेमकी दूरचित्रवाणी आणि तबकडीच्या काळात. गिरगाव-दादरच्या मागील पिढीने ‘प्रभात’चे चित्रपट थिएटरच्या पडद्यावर पाहिले होते. या शहरात वाढलेल्या पिढीला, मुंबईतील प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायटीचे खेळ वगळले, तर तशी संधी क्वचितच मिळाली. ‘संत तुकाराम’ किंवा ‘श्यामची आई’ म्हणजे घरच्या टीव्हीवर दिसले तेवढेच, असे समीकरण त्यातून रूढ झाले.

त्या टीव्हीवर मुळातील किती उतरत होते? आपल्याकडील व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे जेमतेम एक लाख बिंदूंचे असे. डीव्हीडीत ही संख्या चार लाखांच्या थोडी पुढे जाते. याउलट ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट आजच्या ‘फोर-के’ पद्धतीने स्कॅन केली, तर सव्वा कोटीच्या आसपास बिंदू मिळतात. एका व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटांचे चित्रण मावे. सव्वादोन तासांच्या आसपास चालणारा ‘संत तुकाराम’ त्यामुळे दोन तबकड्यांत विभागला जाई.

कृष्णधवल चित्रपटाला या आकुंचनाचा फटका अधिक बसतो. रंगीत चित्रात रंगांचा भेद डोळ्याला सावरून घेतो. कृष्णधवलात सारा अर्थ काळ्या आणि पांढऱ्या यांच्यामधील असंख्य छटांत असतो. त्या छटा हरपल्या की चेहऱ्याची घडण, पहाटेचा उजेड आणि वस्त्राचा पोत हेही हरपतात. शिवाय जुन्या फिल्मवर रासायनिक कणांची बारीक थरथर असते आणि ती प्रत्येक चौकटीत बदलते. माहिती दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेला या कणांचा मेळ बसत नाही. जागा अपुरी पडली की ती चित्राचे चौकोनी ठोकळे करते, किंवा कणांबरोबर तपशीलही पुसून टाकते. त्यात मूळ चौकट जवळपास चौरस. रुंद टीव्हीवर भरावी म्हणून ती ताणली, की पात्रे बुटकी आणि स्थूल दिसू लागतात.

तबकडी कशापासून तयार झाली, हा याहून महत्त्वाचा प्रश्न. उत्तम मार्ग मूळ निगेटिव्हपासून जातो. ते नसल्यास चांगल्या प्रतीपासून. प्रत्यक्षात पुष्कळदा गावोगावी फिरून झिजलेली प्रिंट, तिच्यावरून प्रक्षेपणासाठी काढलेली व्हिडिओ टेप आणि त्या टेपवरून तबकडी, असा प्रवास होई. प्रत्येक पायरीवर काही ना काही गळत जाई. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकण्यास सुरुवात केली. चित्रपट सामान्य घरात पोहोचला, हे त्या स्वस्ताईचे श्रेय नाकारता येणार नाही. पण एवढ्या किमतीत चौकट न् चौकट स्वच्छ करण्याचा खर्च निघणे कठीण, हेही तितकेच खरे.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्काची मुदत प्रदर्शनानंतर ६० वर्षांची आहे. १९३६ चा ‘संत तुकाराम’ केव्हाच या मुदतीबाहेर गेला. १९५३ च्या ‘श्यामची आई’ची मुदत २०१३ अखेर सरली. आता ते कोणीही विकू शकतो. म्हणूनच मोठा खर्च करून नवी प्रत काढण्यास कोणी पुढे येत नाही, कारण तिची नक्कल दुसऱ्याच दिवशी बाजारात येण्याची धास्ती असते.

मूळ सामग्रीही अक्षय नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात ‘प्रभात’च्याच जुन्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट भांडाराला आग लागून अमोल ठेवा भस्मसात झाला. अनेक चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर उतरवलेल्या होत्या, हाच काय तो दिलासा. तथापि प्रत ती प्रतच. मूळ जळाले की सुधारणेची कमाल मर्यादा खाली येते.

मात्र हताश होण्याचे कारण नाही. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील प्रयोगशाळेच्या आगीत होरपळले होते. पुढे इटलीतील बोलोन्या येथील तज्ज्ञांनी त्या करपलेल्या फिती पुन्हा लवचिक केल्या, निकामी भागासाठी अन्य प्रतींचा आधार घेतला आणि २०१५ मध्ये ‘अपू’ चित्रत्रयी नव्या रूपात जगासमोर आली. तिची ब्लू-रे तबकडी पाहिलेला कोणीही कृष्णधवल म्हणजे धूसर, असे म्हणणार नाही. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेल्या ‘संत तुकाराम’ला आणि १९५४ मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणाऱ्या ‘श्यामची आई’लाही असे भाग्य लाभावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

आज तबकडीची बाजारपेठ आटली आहे. तिचे दोष मात्र आटलेले नाहीत. त्याच जुन्या तबकड्यांवरून काढलेल्या प्रती इंटरनेटवर चढल्या आणि आता त्याच मूळ चित्रपट म्हणून पाहिल्या जातात. केंद्र सरकारने मे २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानांतर्गत २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. या निधीतून जे काही स्वच्छ होईल, ते भांडारात आणि महोत्सवांतच राहिले, तर मीरा रोडच्या दोन खोल्यांतील प्रेक्षकाला त्याचा उपयोग शून्य.

म्हणून मागणी नेमकी हवी. सार्वजनिक पैशातून सुधारलेला प्रत्येक मराठी चित्रपट घरी पाहता येईल अशा स्वरूपात, परवडणाऱ्या दरात मिळावा. तो कोणत्या सामग्रीवरून, केव्हा तयार केला, हे प्रतीवर स्पष्ट नोंदवावे. महापालिकांनी आपल्या नाट्यगृहांत आणि ग्रंथालयांत अशा चित्रपटांचे खेळ नियमित ठेवावेत. मीरा-भाईंदरमध्ये आता लता मंगेशकर यांच्या नावाचे नाट्यगृह आहेच. नव्या पिढीने ‘प्रभात’ नाकारायचा असेल, तर खुशाल नाकारावा. पण आधी तो तिला नीट दिसला पाहिजे.