सूचना पोहोचते, सभासद का पोहोचत नाही?

वैद्यकीय संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभा कोणत्याही गावी भरो, तिचे दृश्य बहुधा एकच असते. ठरलेल्या वेळी गणपूर्ती होत नाही. सभा अर्धा तास तहकूब केली जाते आणि त्याच जागी, त्याच मंडळींच्या उपस्थितीत पुन्हा सुरू होते. मागील इतिवृत्त वाचले असे मानले जाते, हिशेब मंजूर होतात आणि नव्या कार्यकारिणीत जुनीच नावे जागा बदलून बसतात. भोजनाच्या वेळी मात्र सभागृह भरते. आपली संघटना या नियमाला अपवाद आहे असे म्हणण्याचे धाडस माझ्याने होत नाही.

मी स्वतः काही वर्षे सचिवपदाची धुरा वाहिली. त्या काळात माझा असा प्रामाणिक समज होता, की परिपत्रक धाडले म्हणजे सभासदाला कळवले आणि कळवले म्हणजे माझे कर्तव्य संपले. पुढे परिपत्रकाची जागा भ्रमणध्वनीवरील संदेशांनी घेतली. टपालखर्च वाचला, वेळ वाचला आणि एका बोटाच्या हालचालीने शंभर जणांना निमंत्रण जाऊ लागले. उपस्थिती मात्र होती तेवढीच राहिली. तेव्हा लक्षात आले, की दोष टपालात नव्हता. सूचना देणे आणि सभासदाला सामील करून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली मी करीत होतो, दुसरीकडे माझे लक्षच नव्हते.

हा केवळ सभेच्या उपस्थितीचा प्रश्न असता, तर त्यावर स्मरणिकेची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु या दुराव्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. खानवेलच्या वाटेवर, वासोण्याच्या परिसरातील पाड्यांवरून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत तापाचे प्रमाण वाढले होते. पावसाळ्यात त्यात नवल ते काय, असे समजून मी नेहमीचे उपचार करीत होतो. भातलावणी करणारा एक तरणाबांड शेतमजूर तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. डोळे लालबुंद, पोटऱ्या दाबताच कळ, लघवी जवळजवळ बंद. त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. डायलिसिस करावे लागले. सुदैवाने तो वाचला.

त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याच्या वडिलांचे निधन झाले. सांत्वनासाठी गेलो असता आम्ही तिघे डॉक्टर अंगणात बसलो होतो. बोलता बोलता निघाले, की शहरातील एका मित्राने असेच दोन रुग्ण पुढे पाठवले होते आणि तिसऱ्याकडेही तसाच एक येऊन गेला होता. तिघांच्याही मनात लेप्टोस्पायरोसिसची शंका चाटून गेली होती. तिघांनीही ती एकटा-दुकटा रुग्ण म्हणून बाजूला सारली होती. आम्ही तिघेही एकाच संघटनेचे सभासद, तिघांचेही क्रमांक एकमेकांच्या खिशात. तरीही ही माहिती एकत्र येण्यासाठी एका मृत्यूचे निमित्त लागले. ती दहा दिवस आधी एकत्र आली असती, तर त्या मजुराला मी पहिल्याच भेटीत डॉक्सीसायक्लिन सुरू केले असते. ही चूक माझीच आहे. तिचे स्वरूप मात्र व्यक्तिगत नाही, सामुदायिक आहे.

दक्षिण गुजरातच्या भातखाचरांच्या पट्ट्यात हा रोग १९९० च्या दशकापासून ठाण मांडून आहे, हे आपण सारे जाणतो. पुस्तकी ज्ञानाची आपल्याकडे उणीव नाही. उणीव आहे ती ‘या आठवड्यात, या गावात काय चालले आहे’ या ज्ञानाची. ते कोणत्याही ग्रंथात सापडत नाही, आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून येत नाही. ते फक्त शेजारच्या डॉक्टरकडे असते.

नियमांचीच भाषा बोलायची, तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारसंहितेने दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या सभांना उपस्थित राहावे, ही पहिली. डॉक्टरने व्यावसायिक संघटनेचे सभासद व्हावे आणि तिच्या कामकाजात सक्रिय भाग घ्यावा, ही दुसरी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम जाहीर केले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. त्यामुळे २००२ चीच संहिता लागू राहिली. ३० तासांचे कलम आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे, कारण त्याला गुण मिळतात आणि प्रमाणपत्र मिळते. सक्रिय सहभागाच्या कलमाला गुण नाहीत, म्हणून ते विस्मरणात गेले. पहिले कलम डॉक्टरला श्रोता बनवते, तर दुसरे त्याला घटक बनवू पाहते.

माहिती नेहमी वरून खाली येते, मोठ्या शहरातील प्राध्यापक बोलतो आणि आपण ऐकतो, ही कल्पनाच मुळात तपासून पाहिली पाहिजे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण मराठी डॉक्टरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. रायगड जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी मुले त्यांनी पाहिली. रात्र रात्र खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे प्राझोसिनच्या उपचाराने असंख्य जीव वाचले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. आपण सारेच बावस्कर होऊ शकणार नाही; परंतु आडगावच्या डॉक्टरचे निरीक्षण जगाला शिकवू शकते, एवढा धडा तरी त्यातून घ्यावा. आपल्या सभांत मात्र वक्ता नेहमी सुरतचा किंवा मुंबईचा असतो आणि ज्याने खानवेल, दपाडा, मांदोनीचे रुग्ण वर्षानुवर्षे तपासले, तो मागच्या रांगेत घड्याळ पाहत बसतो. त्याला कोणी कधी विचारलेच नाही, की बाबा रे, तुला काय दिसते?

आपला हा मुलूख लहान खरा, पण वैद्यकीयदृष्ट्या मोठा गुंतागुंतीचा आहे. वारली, कोकणा, धोडिया बांधवांचे पाडे. औद्योगिक वसाहतींत परप्रांतांतून आलेले कामगार. पलीकडे तलासरी-जव्हारकडून सीमा ओलांडून येणारे रुग्ण. गुजराती, मराठी, हिंदी आणि वारली बोली, या साऱ्या एकाच बाह्यरुग्ण विभागात ऐकू येतात. सिकलसेल आजाराचे उदाहरण घ्या. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि २०४७ चे उद्दिष्ट ठेवण्यात आले. पण ज्या मुलाच्या हाती निदानाचे कार्ड आहे, ते सांधे दुखतात म्हणून रात्री कोणत्या दवाखान्याचे दार ठोठावते? आपल्याच. तेव्हा त्याचे कार्ड पाहण्याची सवय आपणा सर्वांना आहे काय? हायड्रॉक्सीयुरिया कोठे मिळते, हे आपल्यापैकी किती जण न अडखळता सांगतील? शासकीय यंत्रणेला एक माहीत, खासगी डॉक्टरला दुसरे आणि मध्ये रुग्ण अधांतरी, ही दरी भरून काढण्याची जागा संघटनेखेरीज दुसरी नाही.

शिवाय आता परिस्थिती बदलली आहे. २०१९ साली सिल्वासा येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शिक्षक, निवासी डॉक्टर, विद्यार्थी अशी तरुण पिढी येथे आली. संघटनेच्या सभेत तिचे दर्शन अभावानेच होते. ‘तरुणांना रस नाही’ हे आपले ठरलेले उत्तर. परंतु ज्या सभेत दोन तास सत्कार, एक तास प्रायोजकाची चित्रफीत आणि वीस मिनिटे विषय, तेथे रस तरी कोणी घ्यावा? महिला डॉक्टरांचेही तेच. रात्री साडेनऊला सुरू होणारी सभा ही त्यांच्यासाठी निमंत्रण नसून न येण्याची सोयच होय.

दोष दाखवणे सोपे आहे, म्हणून माझ्या अल्पमतीनुसार काही उपाय सुचवतो.

पहिला: दरमहा एक पान काढावे. त्यावर अध्यक्षांचे मनोगत नको, छायाचित्रे नकोत. या महिन्यात कोणते ताप दिसले, कोठे दिसले, कोणते औषध दुकानांत मिळेनासे झाले, कोणता शासकीय नियम बदलला, कोणत्या रुग्णालयात कोणती सोय नव्याने झाली, एवढेच असावे. रुग्णाचे नाव व ओळख अर्थातच कटाक्षाने वगळावी. रोज पन्नास शुभेच्छा-संदेशांच्या पुरात बुडणारी महत्त्वाची सूचना या एका पानावर तरंगून वर येईल. क्षयरोगासारख्या ज्या आजारांची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे, त्यांची आठवणही तेथे सहज देता येईल.

दुसरा: कार्यकारिणीच्या प्रत्येक सदस्याने दहा सभासद वाटून घ्यावेत आणि तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष बोलावे. निमंत्रणासाठी नव्हे, विचारपूस करण्यासाठी. शेवटच्या तीन सभांना न आलेला सभासद आजारी आहे, रागावला आहे की त्याला कोणी बोलावलेच नाही, हे संदेशावरून कळत नाही, आवाजावरून कळते.

तिसरा: वर्षातील निम्म्या सभा सिल्वासाबाहेर घ्याव्यात आणि प्रत्येक सभेत एका स्थानिक सभासदाने आपला एक रुग्ण मांडावा. शक्यतो चुकलेला. यशाच्या कथांतून टाळ्या मिळतात, चुकांच्या कथांतून शहाणपण. अर्थात, चूक कबूल करणाऱ्याची सभेबाहेर चर्चा होणार नाही, हे वचन आपण सर्वांनी आधी द्यावे लागेल.

चौथा: हिशेब आणि निर्णय सर्वांपुढे ठेवावेत, तेही निर्णय होण्यापूर्वी. निर्णय झाल्यावर कळवणे ही वार्ता. आधी विचारणे हा सहभाग. ज्याला विचारले जात नाही, तो वर्गणी भरतो पण आपलेपणा भरत नाही.

‘डॉक्टरांना वेळ कोठे आहे?’ असा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. सकाळी नऊ ते रात्री दहा दवाखाना चालवणाऱ्याला सभा हे ओझेच वाटते. मात्र कोविडच्या २०२० सालातील त्या दिवसांचे स्मरण करा. तेव्हा आपल्याला कधी नव्हे एवढे काम होते, भीतीही होती. आणि तेव्हाच आपण एकमेकांशी सर्वाधिक बोललो. प्राणवायूची खाट कोठे रिकामी आहे, कोणता सहकारी विलगीकरणात आहे, त्याचे रुग्ण कोण पाहील, हे सारे तासातासाला कळत होते. वेळ तेव्हाही नव्हता, गरज होती. म्हणजे खरा प्रश्न वेळेचा नसून, संघटना आपल्या कामाची आहे असे सभासदाला वाटते की नाही, हा आहे. तसे वाटावे अशी ती बनवणे हे पदाधिकाऱ्यांचे काम. आणि ती तशी नसल्यास सभेत येऊन तसे सांगणे हे सभासदाचे.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्यानंतर १९६१ मध्ये भारतात रीतसर समावेश होईपर्यंत हा प्रदेश येथल्याच लोकांच्या वरिष्ठ पंचायतीच्या सल्ल्याने चालला. साधने तुटपुंजी होती, रस्ते धड नव्हते. तरी कारभार चालला. ज्या भूमीला ही परंपरा आहे, तेथील शंभर-दीडशे सुशिक्षित डॉक्टरांना महिन्यातून एकदा एकमेकांची वास्तपुस्त करणे जमू नये, हे पटत नाही.

तो शेतमजूर अजूनही अधूनमधून माझ्याकडे येतो. पावसाळा लागला की मी त्याला चिखलात उतरताना पायावरच्या जखमा झाकायला सांगतो आणि तो हसून मान डोलावतो. त्याला आपल्या संघटनेचे नावही ठाऊक नाही. ठाऊक असण्याचे कारणही नाही. मात्र येत्या श्रावणात त्याच्या पाड्यावरचा पहिला ताप माझ्याकडे आला आणि दुसरा आपल्यापैकी कोणाकडे आला, तर ती गोष्ट आपणा दोघांना त्याच दिवशी कळावी, एवढीच या लेखामागची इच्छा आहे. सांत्वनाच्या बैठकीची वाट आता पाहू नये.