काचपेटी : उभी की आडवी?

आमच्या घरी सध्या एकच वाद चालू आहे. माशांची मोठी काचपेटी आणायची हे ठरले, पण तिची मापे काही ठरत नाहीत. बाबांना ती उंच हवी, आल्यागेल्याच्या नजरेत भरणारी. मला ती रुंद हवी. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न असता तर वडीलधाऱ्यांचा मान राखून मी गप्प बसलो असतो. पण पेटीत राहायचे आहे माशांना, आणि त्यांचे मत कोणी विचारीत नाही. म्हणून हा लेखप्रपंच!

माझ्या हट्टामागे एक जुनी चूक आहे. अकरावीत असताना साठवलेल्या पैशांतून मी एक पेटी घेतली होती. लांबी अडीच फूट, रुंदी एक फूट, उंची अडीच फूट. कोपऱ्यात ती एखाद्या मनोऱ्यासारखी शोभे. तीत आठ सोनमासे सोडले होते. मे महिन्यातल्या एका रात्री वीज गेली, हवेचा पंप बंद पडला आणि सकाळी पाहतो तो पाच मासे मेलेले, उरलेले तीन पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते.

त्या पेटीचे घनफळ सव्वासहा घनफूट, म्हणजे सुमारे 177 लिटर. पाणी काही कमी नव्हते. पण पाण्यात प्राणवायू शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागातून, आणि तो होता अवघा अडीच चौरस फूट. त्यात उन्हाळा, कोमट पाण्यात प्राणवायू कमीच विरघळतो. तेवढेच पाणी चार फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटीत मावते, आणि तिथे पृष्ठभाग होतो पाच चौरस फूट, नेमका दुप्पट! हा साधा गुणाकार मी मासे आणण्यापूर्वी केला असता तर बरे झाले असते.

उंचीचा जाच काचेलाही होतो. पदार्थविज्ञानाच्या तासाला आपण हे शिकतो आणि तासाबरोबरच विसरतो. आपल्या राकसकोपच्या जलाशयात पाणी मागे कितीही दूर पसरले, तरी भिंतीवरचा दाब ठरतो तो पाण्याच्या खोलीवरच. पेटीचेही तेच. उंची दुप्पट केली की तळाशी दाब दुप्पट होतो, आणि भिंतीच्या दर फूट लांबीवरचा एकूण रेटा चौपट. म्हणजे काच जाड घ्यावी लागते, खर्च वाढतो. वर, अडीच फूट खोल पेटीचा तळ साफ करताना हात खांद्यापर्यंत बुडतो तरी बोटे वाळूला धड टेकत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

बाबा म्हणतात, "अरे, पण एंजल मासा उभट असतो, त्याला उंची नको का?" हवी, पण दीड फुटात त्याचे चांगले भागते. बहुतेक मासे आडवे पोहतात. आपल्या सह्याद्रीतल्या, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या ओढ्यांतला डेनिसन बार्ब घ्या. वीतभर लांबीचा हा मासा थव्याने सुसाट पळतो. त्याला लांबी हवी आणि वळायला रुंदीही हवी. फूटभर वाढणारा ऑस्कर तर फूटभर रुंद पेटीत धड मागेही फिरू शकत नाही. पण आपण काय करतो? आधी भिंतीचे माप घेतो, मग पेटी आणतो, आणि मासा दुकानात बोटभर असताना उचलतो!

मग पेटी जितकी मोठी तितकी बरी का? पाण्याच्या दृष्टीने होय. जास्त पाण्यात माशांची घाण विरळ होते, तापमानही झटकन बदलत नाही. पण दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचे कोणी? आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. शिवाय ते पाणी क्लोरीन उडून जावे म्हणून दिवसभर उघडे ठेवावे लागते. आईने एकच प्रश्न विचारला, "माझी पिपे अडवणार नाहीस ना?" बाबांच्या मापाची पेटी, पाच फूट बाय दीड फूट, उंची अडीच, म्हणजे सुमारे 530 लिटर, आठवड्याला पंधरा लिटरच्या नऊ बादल्या. माझी पाच बाय दोन, उंची दीड, म्हणजे 425 लिटर, सात बादल्या. पाणी कमी, तरी पृष्ठभाग साडेसातऐवजी दहा चौरस फूट.

वजनाचे तर कोणी बोलतच नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच, वाळू, दगड धरून माझी पेटीही साडेपाचशे किलोच्या घरात जाते, आणि तीही जेमतेम एका चौरस मीटरवर. राहत्या खोल्यांच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरण्याचा आपल्याकडे मानक प्रघात आहे. बाबांना पेटी हवी होती माडीवरच्या बैठकीत, खोलीच्या मध्यावर!

हे आकडे मी कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवले. पेटी तळमजल्यावर येणार, एवढे त्यांनी कबूल केले आहे. मापांवर अजून सही झालेली नाही. "खाटेसारखी दिसेल," असे ते कालच जेवताना म्हणाले. काचवाल्याकडे रविवारी जायचे आहे.