भाकरी आणि मतपेटी
लोकशाहीची मक्तेदारी सांगणाऱ्या दोन्ही छावण्यांचा इतिहास तपासावा. रशियाची निर्वाचित संविधानसभा बहुमत न मिळालेल्या बोल्शेविकांनी जानेवारी १९१८ मध्ये एकाच बैठकीनंतर विसर्जित केली. क्रांतीच्या समर्थक असूनही रोझा लक्झेंबर्ग यांनी त्याच वर्षी तुरुंगातून या दडपशाहीवर टीका केली. उलट, १९७० मध्ये चिलीत मतपेटीतून निवडून आलेल्या समाजवादी अलेंदे यांना सत्ताच मिळू नये म्हणून लोकशाहीचा टेंभा मिरवणाऱ्या अमेरिकेने कारस्थाने रचली. १९७१ मध्ये तेथील तांब्याच्या खाणी राष्ट्राच्या झाल्या. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सरकार उलथवले. एकांनी भाकरीच्या नावाने मत हिरावले. दुसऱ्यांना भाकरी मागणारे मत सोसवले नाही. साथींनो, एकाचा निषेध करताना दुसऱ्याविषयी मौन पाळणे हा समाजवादाशी द्रोह आहे.