भिंत पांढरी, बाई सावळी

"माझा फोटू नगं काढू बया, लई काळा येतू."

आटपाडीत आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर कॅमेरा घेऊन फिरायला लागल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता कुणी म्हटलं नाही तर चुकल्यासारखं होतं. म्हणणारीचं वय वेगळं, आवाज वेगळा, पण पदर तोंडावर ओढून घ्यायची तऱ्हा तीच. परवा डाळिंबाच्या बागेत फळं निवडायला बसलेल्या पाचजणींपैकी चौघींनी हेच ऐकवलं. पाचवी गोरी होती. तिनं मी पिशवीची चेन उघडायच्या आतच केस सारखे करून घेतले होते.

या चौघींना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना मला एक सांगायचंय. बायांनो, फोटो काळा येतो त्यात तुमच्या रंगाचा काही दोष नाही. दोष फोटो काढणाऱ्याचा असतो. आणि हे मला कुठल्या कोर्सात नाही, तर कपाटात पडून राहिलेल्या एका जुन्या कॅमेऱ्यानं शिकवलं.

कॅमेरा मूळचा आमच्या भाऊजींचा. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यापायी, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी, देशभर पांगलेली आहेत. भाऊजी तिकडं केरळात. २००८ च्या दिवाळीला आले ते गळ्यात निकॉनचा डी-४० अडकवूनच. काळा, जाडजूड, लेन्स बदलता येणारा. तो 'खटॅक' आवाज ऐकायला सगळी गल्ली जमली होती. पुतण्याच्या बारशाचे, जावळाचे, पहिल्या वाढदिवसाचे फोटो निघाले. मग मोबाईल आले. एका दिवाळीत भाऊजी म्हणाले, "वहिनी, राहू दे हा तुमच्याकडंच. तिकडच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला लागलीय." आमच्या माणदेशात बुरशीला प्यायला पाणी कुठलं! दुष्काळाचा तेवढा एक फायदा. कॅमेरा पिशवीसकट आमच्या कपाटात गेला, माझ्या लग्नातल्या शालूशेजारी. शालूचं जे झालं तेच त्याचं झालं.

त्या कपाटापासून चार हातांवर उंबऱ्यात बसून माझ्या सासूबाई रोज सकाळी ज्वारी निवडायच्या. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. सकाळचं तिरपं ऊन त्यांच्या हातावर, सुपावर पडायचं. आज मला ते चित्र डोळे मिटले की दिसतं. तेव्हा मात्र मी त्यांच्यामागून घाईघाईत डबे भरत असायची. २०१५ च्या उन्हाळ्यात आत्या गेल्या. दिवस घालायची वेळ आली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, की हार घालायला फोटोच नाही.

घर धुंडाळलं. मतदार ओळखपत्रावरचा होता, त्यात नुसते डोळे आणि कुंकू. नणंदेच्या लग्नातला एक सापडला, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा पाहुण्याच्या फेट्याआड. शेवटी ओळखपत्रावरचा स्टुडिओत दिला. दुसऱ्या दिवशी फ्रेम आली. मागं निळं आभाळ, अंगावर कुणा दुसऱ्याच बाईची जरीकाठाची साडी, आणि आत्या गोऱ्यापान. दुकानदारानं कौतुकानं सांगितलं, "जरा उजळून दिलंय." माझ्या सासऱ्यांनी फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली आणि विचारलं, "ही कोन?"

सत्तेचाळीस वर्षांचा संसार होता त्यांचा.

ती फ्रेम अजून भिंतीवर आहे. काढायला जीव होत नाही आणि बघवतही नाही. मला राग आला तो दुकानदाराचा नाही. त्यानं सगळे करतात तेच केलं. राग आला तो माझाच, कारण इतकी वर्षं कपाटात कॅमेरा होता.

नंतर मी आमच्या नात्यात, शेजारात बघायला लागले आणि लक्षात आलं, की बायांच्या बाबतीत सगळीकडं हीच कथा. पुरुषाचा फोटो असतो. ट्रॅक्टर घेतला, सोसायटीत निवडून आला, पुढाऱ्याला हार घातला. बाईचा एकटीचा फोटो लग्न ठरवताना एकदा निघतो आणि मग थेट सरकारी कार्डावर. त्यातला कुठलाच तिच्यासाठी काढलेला नसतो. फार कशाला, २०२० च्या डिसेंबरात आमच्या आटपाडी तालुक्यातल्या एका माडग्याळी मेंढ्याला ७० लाख रुपयांची मागणी आल्याची बातमी झाली. त्या मेंढ्याचे फोटो देशभरच्या पेपरांत झळकले. नाक छान होतं त्याचं, नाही कशाला म्हणू! पण घरोघरच्या मेंढरांचं शेण काढणाऱ्या, कोकरांना दूध पाजणाऱ्या बायांचे फोटो किती निघतात, मोजून बघा.

तर आत्या गेल्यानंतरच्या पावसाळ्यात मी कॅमेरा बाहेर काढला. माहितीपुस्तिका हरवलेली. बॅटरी मेली होती, ती नवी मागवली. पहिला फोटो काढला शेजारच्या आक्कांचा. त्यांच्या घराची भिंत नुकती चुन्यानं रंगवलेली होती, म्हटलं पार्श्वभूमी झकास. फोटो आला तो असा, की भिंत मळकट करडी आणि आक्कांच्या जागी एक काळा आकार, त्यात दोन डोळे. आक्कांनी मागच्या पडद्यावर बघितलं आणि हसून म्हणाल्या, "बघ, मी म्हनलं न्हवतं?"

ते हसणं मला फार लागलं. साठ वर्षांची बाई हा निकाल केव्हाच मान्य करून बसलेली.

महिनाभर चुकतमाकत, पुतण्याला फोन करकरून विचारल्यावर उलगडा झाला. कॅमेऱ्याच्या आत उजेड मोजणारी एक सोय असते. तिला माणूस कळत नाही, भिंत कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं असणार असं ती धरून चालते. समोर पांढरी भिंत आली, की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो कमी उजेड आत घेतो. भिंत करडी होते आणि तिच्यापुढची सावळी बाई काळीठिक्कर. म्हशीच्या बाबतीत याच्या उलट. चौकटभर म्हैस घेऊन फोटो काढा, ती राखाडी येते. (म्हशीनं कधी तक्रार केलेली नाही.)

उपाय काय, तर डी-४० वर फोटो काढायच्या बटणाशेजारी अधिक-उण्याची खूण असलेलं एक बारकं बटण आहे. ते दाबून धरायचं आणि अंगठ्याखालचं चाक फिरवून आकडा अधिक एकवर न्यायचा. अधिक एक म्हणजे दुप्पट उजेड. बस्स. नाहीतर सरळ बाईला पांढऱ्या भिंतीपुढून उठवून ओसरीच्या सावलीत बसवायचं. दुसऱ्या खेपेला मी दोन्ही केलं. आक्का जशा आहेत तशा आल्या. तांबूस सावळ्या, गालावर गोंदण, कपाळावरच्या सुरकुत्यांत उन्हाची रेघ. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही मीच का?" सासऱ्यांचा प्रश्नही जवळजवळ हाच होता. पण किती वेगळा!

हे फक्त आमच्या आटपाडीचं दुखणं आहे असंही नाही. अमेरिकेत रंगीत फिल्मचा जमाना होता तेव्हा कोडक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवायला एक नमुना-फोटो द्यायची. त्यात एक गोरी तरुणी असे. त्या कार्डांना नावच पडलं होतं 'शर्ली कार्ड'. शर्लीचा रंग बरोबर आला म्हणजे सगळं बरोबर आलं! काळ्या मुलांचे शाळेतले फोटो काळेकुट्ट येतात म्हणून त्यांच्या आया कुरकुरत होत्या. पण असं सांगतात, की कंपनी हलली ती लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी तपकिरी छटा नीट येत नसल्याची तक्रार केल्यावर. म्हणजे पोरांच्या चेहऱ्यापेक्षा चॉकलेटचं वजन जास्त. २०२१ साली गूगलनं आपल्या पिक्सेल फोनमध्ये काळ्या-सावळ्या त्वचेचे रंग खरे यावेत म्हणून मुद्दाम सोय केली, म्हणजे चूक होती हे आता त्यांनाही मान्य आहे. आपल्याकडं २०२० मध्ये गोरेपणाच्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला आणि तिथं 'ग्लो' आला. नाव बदललं खरं, पण मोबाईलनं फोटो काढायला गेलं की कितीतरी फोन न विचारता गाल गुळगुळीत करतात आणि रंग उजळवतात. माझी भाची तसे फोटो पाठवते. पोरगी चांगली गव्हाळ, पण फोटोत मैद्याची.

म्हणूनच मला हा म्हातारा कॅमेरा आवडतो. तो २००६ चा अवतार. त्याला सुंदर बनवायची अक्कल नाही. जे आहे ते तो देतो, चूक झाली तर ती माझी असते आणि सुधारता येते.

आता त्याचे दोषही सांगते, नाहीतर म्हणाल हिला वेड लागलंय. जड आहे. व्हिडिओ निघत नाही. पडद्यावर बघून फोटो काढता येत नाही, डोळा छोट्या खिडकीलाच लावावा लागतो. अंधारात आजचा साधा मोबाईलसुद्धा त्याच्यापेक्षा बरा फोटो काढतो. आणि आमच्याकडची धूळ! मोकळ्या रानात लेन्स बदलली, की आतल्या सेन्सरवर कण बसतात आणि मग प्रत्येक फोटोत आभाळात काळे ठिपके. खरसुंडीला सिद्धनाथाच्या चैत्रातल्या यात्रेत गुलाल-खोबऱ्याची उधळण असते, तिथं मी तो नेतच नाही. एकदा नेला होता, ब्रशनं गुलाल काढता काढता दोन दिवस गेले.

"मग त्यात मेगापिक्सेल किती?" हा प्रश्न घरातल्या पुरुष मंडळींचा लाडका. सहा. फक्त सहा. त्यात आठ बाय दहा इंचांचा फोटो सुरेख छापून येतो, आणि आपल्या भिंतींवर त्याहून मोठी फ्रेम फार तर देवाचीच असते.

दुसरा लाडका प्रश्न, "कॅमेरा मिस्टरांचा का?" यावर मला होमाई व्यारावाला आठवतात. आपल्या देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ चा जन्म, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेली. तिचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे, कारण बाईचं नाव कोण ओळखणार! पुढं स्वातंत्र्याच्या काळातले केवढे क्षण तिनं टिपले. २०११ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, पद्मविभूषण मिळाला, तो मात्र स्वतःच्या नावावर. मी काही होमाई नाही. पण 'मिस्टरांचा का'ला आता मी 'नाही, माझा' असं सांगते. भाऊजींना चालतं. त्यांना विचारून ठेवलंय.

आणि मैत्रिणींनो, माझं म्हणणं इथंच येतं. मोठ्या कंपन्यांनी आता आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडं मोर्चा वळवलाय, त्यामुळं हे जुने एसएलआर घरोघर कपाटांत पडलेत आणि बाजारात एखाद्या साध्या मोबाईलपेक्षाही स्वस्तात मिळतात. तुमच्याकडं असेल तर भंगारात घालू नका, मुलाच्या प्रोजेक्टलाही देऊ नका. तुम्ही घ्या. विकत घेणार असाल तर लेन्समधून उजेडाकडं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, नाही म्हणा. बॅटरी नवी मिळते का आधी बघा. बाकी सगळं हाताला सवय होईल तसं जमतं. फोडणी कधी द्यायची हे कुठल्या पुस्तकात वाचलं होतं आपण?

"मोबाईल आहे की सगळ्यांकडं," असं म्हणाल. आहे. माझ्याही फोनमध्ये हजारो फोटो आहेत, त्यात शुभ सकाळची फुलंच निम्मी. फोन फुटला, हरवला, की त्याबरोबर तीन वर्षांची माणसं जातात. हा कॅमेरा घेऊन गेलं, की बाई हातातलं काम ठेवते, घाम पुसते, सावरून बसते. आपण तिच्यासाठी आलोय हे तिला कळतं. आणि मी एक नेम ठेवलाय. काढला की छापायचा, आणि ज्याचा त्याला नेऊन द्यायचा. पैसे कुणी देतं, कुणी डाळिंबं देतं.

बागेतल्या त्या चौघींचे फोटो मी गेल्या रविवारी नेऊन दिले. सगळ्यात थोरल्या मावशींनी पदराला हात पुसून फोटो घेतला, उलटा करून मागं काही लिहिलंय का बघितलं, मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "हे बघ, मी गेल्यावर ह्योच लावायचा. कुनी काय बी म्हनू दे, उजळायचा न्हाई."

सून आतून म्हणाली, "बरं आत्या, आधी च्या घ्या, गार होतुया."