सरड्याचे कूळ आणि डोंगराचे मोल

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण मराठी माणूस सहज वापरतो. तोकड्या सामर्थ्याचे उदाहरण हवे असले की आपल्याला सरडा आठवतो. वारंवार मत बदलणाऱ्याची निंदा करायची असली तरी सरडाच आठवतो. आपल्या बोलण्यात हा प्राणी इतक्या वेळा येतो. परंतु त्याच्याविषयीचे आपले ज्ञान त्या कुंपणापलीकडे क्वचितच जाते. सरडा म्हणजे सरडा, त्यात आणखी जाणायचे ते काय, अशी आपली समजूत असते. ही समजूत अपुरी तर आहेच. पण ती आपल्या डोंगरांच्या दृष्टीने घातकही आहे, असे माझे मत आहे.

प्रथम हा प्राणी कोणता ते पाहू. भिंतीवरची पाल, रानातली घोरपड आणि कुंपणावरचा सरडा हे तिन्ही सरपटणारे प्राणी असले, तरी त्यांची कुले वेगवेगळी आहेत. आपण ज्याला सामान्यतः सरडा म्हणतो, तो ‘अगॅमिडी’ या कुलातील होय. या कुलात पाचशेहून अधिक जाती असून त्या आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया या खंडांत पसरलेल्या आहेत. त्यांचे बहुतेक दात जबड्याच्या कडेवरच घट्ट जडलेले असतात. संकटात शेपूट तोडून टाकण्याची पालीची युक्ती यांपैकी बहुतेकांना साधत नाही. काही जातींचे नर विणीच्या काळात भडक रंग धारण करतात. मात्र रंगबदलाबद्दल जगभर प्रसिद्ध असलेला शॅमेलिऑन हा या कुलातला नव्हे. त्याचे कुल निराळे आहे.

प्राणिशास्त्रात प्रत्येक प्राण्याचे नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा. जवळचे नाते असलेल्या जाती एका वंशात आणि जवळचे वंश एका कुलात ठेवतात. हे नाते केवळ दिसण्याचे नसून रक्ताचे असले पाहिजे, अशी आधुनिक वर्गीकरणाची अट आहे. एका वंशातील सर्व जाती एकाच पूर्वजापासून झालेल्या असाव्यात आणि त्या पूर्वजाची संतती दुसऱ्या वंशात विखुरलेली नसावी. ही अट ऐकायला सोपी आहे; पण ती पाळताना शास्त्रज्ञांची मोठी कसोटी लागते.

नेमके लक्षण कसे सांगावे, हा प्रश्न आपल्या देशाला नवीन नाही. काशी, म्हणजे आजची वाराणसी, ही अनेक शतके शास्त्रचर्चेची नगरी होती. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील गागाभट्ट काशीहूनच रायगडावर आले आणि १६७४ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. तेथील पाठशाळांत न्यायशास्त्राचे अध्ययन होत असे. ‘तर्कसंग्रह’ लिहिणाऱ्या अन्नंभट्टांच्या परंपरेत विद्यार्थ्याला गाईचे उदाहरण देऊन लक्षणाचे तीन दोष शिकवतात. ‘तांबूस रंगाची ती गाय’ असे म्हटले, तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘शिंगे असलेली ती गाय’ असे म्हटले, तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. ‘न दुभंगलेल्या खुराची ती गाय’ असे म्हटले, तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी कातडी हे मात्र गाईचे योग्य लक्षण मानले गेले. सरड्यांच्या वर्गीकरणाचा अलीकडचा इतिहास समजून घ्यायला हे तीन शब्द फार उपयोगी पडतात.

गंगेच्या मैदानातील बागांत आणि कुंपणांवर दिसणारा नेहमीचा सरडाच घ्या. १८०२ मध्ये दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने केलेल्या वर्णनानुसार त्याला पुढे ‘कॅलोटिस व्हर्सिकलर’ म्हणू लागले. इराणपासून चीन आणि मलेशियापर्यंतच्या अशा सरड्यांना हे एकच नाव लावले जाई. मूळ वर्णन त्रोटक होते आणि ज्या नमुन्यांवरून ते केले ते नमुनेही हरवले होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील या सरड्यांची जनुके आणि शरीररचना तपासली गेली. तेव्हा या एका नावाखाली किमान चार वेगळ्या शाखा असल्याचे आढळले. म्हणजे वाराणसीचा सरडा आणि पुदुच्चेरीचा सरडा एकच, ही दोनशे वर्षांची समजूत टिकली नाही. हाच तो अतिव्याप्तीचा दोष.

मैदानात ही स्थिती, तर डोंगरात काय असेल? मैदानावर सरडा दूरवर पसरू शकतो. डोंगरावरच्या सरड्याला मात्र थंडी, उंची, विशिष्ट रान किंवा विशिष्ट खडक लागतो. दोन शिखरांमधली उष्ण दरी त्याला समुद्रासारखी अनुल्लंघनीय वाटते. परिणामी प्रत्येक उंच डोंगर हे एक बेट होते आणि हजारो पिढ्यांनंतर त्या बेटावरची संतती शेजारच्या बेटावरच्या संततीहून वेगळी होते. निलगिरी, पळणी आणि अनामलाईच्या उंच भागांत राहणाऱ्या ‘सालिया’ वंशाच्या अवघ्या दोन जाती जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही नाहीत.

हिमालयातील ‘जपालुरा’ या वंशाची कथा तर फारच बोधप्रद आहे. ब्रिटिश संग्रहालयातील जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८५३ मध्ये हा वंश स्थापन केला. सडपातळ अंग आणि पाठीवरचे लहानमोठे, असमान खवले ही खूण पाहून त्यात पुढे अनेक पर्वतवासी सरडे दाखल झाले. हिमालयातले आले, ईशान्य भारतातले आले, चीन आणि तैवानमधले आले, इतकेच नव्हे तर जपानच्या दक्षिणेकडील बेटांवरचेही आले. २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्या अनेक जनुकांची तुलना झाली, तेव्हा ही मंडळी एका पूर्वजाची नाहीत असे स्पष्ट झाले. सारख्या डोंगरी जीवनामुळे त्यांची रूपे सारखी दिसत होती, एवढेच. म्हणून ‘जपालुरा’ हे नाव मुख्यतः हिमालयीन जातींपुरते राखले गेले. पूर्व आशियातील जातींसाठी १८६१ मधले ‘डिप्लोडर्मा’ हे जुने नाव पुन्हा वापरात आणले आणि ईशान्य भारतातील दोन जातींसाठी ‘क्रिस्टिडॉर्सा’ हा नवा वंश मानला गेला. ‘शिंगे असलेली ती गाय’ या लक्षणाने म्हशी आत याव्यात, तसेच येथे घडले होते.

आपला सह्याद्रीही याला अपवाद नाही. महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या रानांत आढळणारा एक सरडा दीर्घकाळ ‘कॅलोटिस’ वंशात मोजला जाई. २०१८ मध्ये पश्चिम घाटातील सरड्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा त्याच्यासाठी आणि त्याच्या जवळच्या नातलगांसाठी ‘मोनिलेसॉरस’ हा वेगळा वंश करावा लागला. त्यापूर्वी २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ्याला पंखा असणाऱ्या सरड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सरड्यांचा नर गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो आणि मादीला आपले रंग दाखवतो. भारतीय द्वीपकल्पातील हे सरडे पूर्वी ‘सिताना’ या एकाच वंशात होते. या अभ्यासाने एक नवा वंश आणि पाच नव्या जाती पुढे आणल्या. नव्या वंशाला शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ हेच नाव दिले. आपण जो शब्द तुच्छतेने उच्चारतो, तो आता जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत मानाने लिहिला जातो.

यातील ‘सरडा सुपर्बा’ ही जाती सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर आढळते. नराच्या पंख्यावर निळा, काळा आणि नारिंगी असे रंग असतात. हे पठार म्हणजे जांभ्या खडकाचा उघडा सडा. झाडे विरळ, माती पातळ, वारा अखंड. शेती पिकत नाही म्हणून अशा भूमीला आपण ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो. वारा भरपूर असल्यामुळे चाळकेवाडीला पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांचा परिणाम मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तपासला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळजवळ चौपटीने कमी होते. शत्रू घटल्यामुळे सरड्यांची संख्या वाढली होती. परंतु ते माणसाला जवळ येऊ देत होते आणि त्यांच्या अंगचे रंगही फिकट झाले होते. म्हणजे आकाशात फिरणाऱ्या पात्यांनी जमिनीवरच्या प्राण्याचे वागणे आणि रूप दोन्ही बदलले होते.

यावरून पवनचक्क्या नकोत, असा निष्कर्ष मी काढत नाही. स्वच्छ विजेची गरज खरी आहे. माझे म्हणणे इतकेच की, ‘तेथे काहीच नाही’ हे वाक्य आपण फार घाईने उच्चारतो. तेथे काय आहे याची नावनिशीवार मोजदाद झाली नसेल, तर काय गेले हेही कधी कळणार नाही. शासनाचे कायदे आणि संरक्षित प्राण्यांच्या याद्या शास्त्रीय नावांच्या आधारे चालतात. चार जाती एका नावाखाली दडलेल्या असतील, तर त्यांपैकी एक नाहीशी झाली तरी कागदावर सारे क्षेमकुशल दिसते. म्हणून अचूक नाव ही केवळ पंडितांची हौस नव्हे; ते संरक्षणाचे पहिले पाऊल आहे.

यावर काहींचा आक्षेप असतो की, शास्त्रज्ञ दर काही वर्षांनी नावे बदलतात, मग विश्वास कशावर ठेवावा? पाठ केलेले नाव जुने झाले की विद्यार्थी वैतागतो, हेही खरे आहे. शिवाय प्रत्येक लहान भेदासाठी नवे नाव द्यावे का, याविषयी खुद्द शास्त्रज्ञांतही मतभेद असतात. परंतु नाव बदलणे हा शास्त्राचा चंचलपणा नाही. ज्या पुराव्यावर पहिले नाव दिले होते, त्याहून बळकट पुरावा हाती आला म्हणून ते बदलते. दोष दिसत असूनही लक्षण तसेच ठेवणे, हा खरा दुराग्रह होय. काशीच्या पाठशाळेतील गुरूनेही सदोष लक्षण स्वीकारले नसते.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे. शेतात राबणाऱ्याला या नावांचा काय उपयोग? त्याचे उत्तर असे की, सरडा किडे खातो आणि स्वतः शिक्रा, गरुड व साप यांचे भक्ष्य होतो. या साखळीत तो मधला दुवा आहे. शिवाय ज्या माळावर आणि सड्यावर तो राहतो, तेथेच आपली गुरे चरतात आणि तेथूनच पावसाचे पाणी खालच्या झऱ्यांना मिळते. सरड्याचे घर राखणे हे पुष्कळ अंशी आपलेच घर राखणे आहे.

या कामात सामान्य माणसाचा वाटा मोठा असू शकतो. त्यासाठी पदवी लागत नाही. आपल्या डोंगरावर दिसलेला सरडा न पकडता नीट पाहावा. ठिकाण, महिना, खडक की झाड, गळ्याचा रंग, खवल्यांची ठेवण यांची नोंद करावी. शक्य असल्यास छायाचित्र घ्यावे आणि जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवावे. ग्रामसभेपुढे पठाराविषयीचा एखादा प्रस्ताव आला, तर तेथील प्राणी आणि वनस्पती यांची यादी झाली आहे काय, हा प्रश्न विचारावा. मुलांच्या हातातला दगड सरड्यावर पडण्याआधी त्यांना त्याचे नाव सांगावे. नाव माहीत असलेल्या जिवावर हात उचलताना माणूस क्षणभर तरी थांबतो. तेवढा क्षणही पुष्कळदा पुरेसा असतो.